टांगत्या टोपलीतील फुलवेली

फुले कोणाला आवडत नाहीत? सर्वांनाच आवडतात. माणसांना आवडतात, फुलपाखरांना आवडतात आणि बकऱ्यांना तर फारच आवडतात. फरक इतकाच की आपण फूल बघतो आणि बकरी ते खाऊन टाकते. आमच्या गावात घरोघरी बकऱ्या आहेत. कोंबड्याही आहेत. अंगणात बी पेरले की कोंबडी उकरते. त्यातून वाचून रोप वर आले की बकरी ओरपते. शिवाय पावसाळ्यात अंगणात चिखल होतो अन् उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापते. मग फुले लावायची तरी कुठे? त्याचे उत्तर आहे, वर! म्हणजे टांगत्या टोपलीत.

या लेखात मी टांगत्या टोपलीत वेलींची फुले कशी लावावीत ते सांगणार आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात अशा ९ टोपल्या आहेत. त्यांची देखरेख चौथीचा वर्ग करतो. ज्यांनी अजून पाहिल्या नाहीत त्यांनी हे वाचून झाल्यावर मान वर करून पाहावे.

टांगायची कल्पना जुनीच

वस्तू टांगून ठेवायची कल्पना नवीन नाही. आपल्या घरी पूर्वी शिंके असायचे. दही, दूध, लोणी मांजराच्या आणि मुंग्यांच्या तावडीतून वाचावे म्हणून मडके शिंक्यात टांगून ठेवत. आमच्या आजीच्या घरी अजूनही आढ्याला एक शिंके आहे. आपली फुलांची टोपली म्हणजे शिंकेच. फक्त दह्याच्या ऐवजी माती आणि मांजराच्या ऐवजी बकरी. म्हणून दोरी मजबूत पाहिजे. नाही तर शिंक्याचे तुटले अन् बकरीचे साधले असे व्हायचे!

इराक देशात फार पूर्वी बाबिलोन नावाचे शहर होते. तेथे झुलत्या बागा होत्या असे म्हणतात. जगातल्या सात जुन्या आश्चर्यांत त्यांचे नाव आहे. मुंबईलाही मलबार हिलवर हँगिंग गार्डन आहे. १८८० च्या सुमारास ते पाण्याच्या मोठ्या टाकीवर तयार केले. त्याचे खरे नाव फिरोजशहा मेहता उद्यान. पण तेथे काहीच टांगलेले नाही. टाकीवर माती टाकून बाग केली आहे. म्हणजे नाव टांगत्या बागेचे, आणि खरी टांगती बाग आमच्या व्हरांड्यात.

वेल वर कशी चढते?

झाडाला खोड असते म्हणून ते स्वतःच्या पायावर उभे राहते. वेलीचे खोड बारीक असते. ती दुसऱ्याच्या आधाराने वर जाते. आमची आजी म्हणते, "येलाले आधार नाही देला त तो चढंल कशावर?" जाड खोड करण्यात वेल आपली ताकद घालवत नाही. ती सगळी ताकद लांब होण्यात लावते. म्हणून वेल इतकी भराभर वाढते.

वर चढण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत.

१) गुंडाळून चढणे. गोकर्ण आणि गणेशवेल यांचे खोडच आधाराभोवती गुंडाळत जाते.

२) ताण्याने धरणे. कारले, दोडका, कृष्णकमळ यांना बारीक दोऱ्यासारखे ताणे असतात. ताणा काडीला लागला की तिला पकडतो. मग त्याची स्प्रिंग होते. नीट पाहा, ही स्प्रिंग अर्धी एका दिशेने आणि अर्धी उलट दिशेने वळलेली असते. वारा आला की ती ताणली जाते आणि परत आखडते, म्हणून वेल तुटत नाही.

३) पानाच्या टोकाने धरणे. पावसाळ्यात आपल्या जंगलात लाल-पिवळ्या ज्वालेसारखे फूल येते, ती कळलावी. तिच्या पानाचे टोकच आकड्यासारखे वळते आणि शेजारच्या झाडाला धरते. हे फूल तमिळनाडूचे राज्यफूल आहे. पण कळलावी फार विषारी असते. तिचा कंद तर सर्वांत विषारी. लहान मुलांच्या शाळेत ती लावू नये आणि जंगलातून उपटून आणू नये.

४) काट्याने अडकणे. बोगनवेलीला काटे असतात. ती काटे अडकवून वर जाते. तिची रंगीत असतात ती फुले नव्हेत, ती पाने आहेत. खरे फूल मधोमध असते, लहानसे, पांढरे.

आता एक गंमत सांगतो. वेलीला डोळे नाहीत, मग तिला आधार कसा सापडतो? ती शोधते! तिचा शेंडा हवेत हळूहळू गोल फिरतो. फिरता फिरता काडीला लागला की तिच्याभोवती गुंडाळतो. चार्ल्स डार्विन नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला. तो आजारी असताना त्याने आपल्या खोलीत कुंडीत वेल ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला. हॉप नावाच्या वेलीचा शेंडा सुमारे २ तासांत एक फेरी पुरी करतो असे त्याला दिसले. ही माहिती त्याने १८६५ साली छापली. आम्हीपण गणेशवेलीवर हा प्रयोग केला. प्रार्थनेच्या वेळी शेंडा हातपंपाकडे होता. छोट्या सुट्टीत पाहिले तर तो वर्गाच्या खिडकीकडे! कोणी हात लावला नव्हता. तुम्हीपण करून पाहा. फक्त बघत बसायची सवय पाहिजे.

गणेशवेलीला वरून पाहिले तर ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गुंडाळते. आपण तिला जबरदस्तीने दुसऱ्या बाजूने गुंडाळले तर ती सुटून येते. म्हणून वेल दोरीला लावून देताना तिची दिशा ओळखावी.

चढणारी वेल टोपलीत खाली कशी लोंबते?

हा प्रश्न तिसरीच्या एका मुलीने विचारला, आणि तो चांगला प्रश्न आहे. वेलीला वर जायचे असते आणि टोपलीतून तर वेली खाली लोंबताना दिसतात. मग वेल उलटी चालते का? नाही. वेल आधी टोपलीच्या तीन दोऱ्यांवरून वर चढते. छतापर्यंत गेली की पुढे आधार नसतो, मग स्वतःच्या वजनाने खाली झुकते. पण झुकलेल्या वेलीचा शेंडा पाहा, तो पुन्हा वर वळलेला असतो. वर कुठे आणि खाली कुठे हे तिला अंधारातही समजते. आधार नाही मिळाला तर शेंडे एकमेकांनाच गुंडाळतात आणि गुंता होतो. म्हणून टोपली लावतानाच आधार द्यायचा. आम्ही एका टोपलीपासून दुसऱ्या टोपलीपर्यंत सुतळी बांधली आहे. त्यामुळे वेलींचा पडदा तयार होतो. आमचा व्हरांडा पश्चिमेकडे आहे. दुपारचे ऊन सरळ आत येते. आता पडद्यामुळे पहिलीची मुले खिचडी खायला बसतात त्या जागेवर सावली येते. पाने हवेत पाण्याची वाफ सोडतात, त्यामुळेही थोडा गारवा वाटतो.

कोणत्या वेली लावाव्यात?

सगळ्याच वेली टोपलीत चालत नाहीत. मधुमालती फार सुंदर असते. तिचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते, मग गुलाबी होते आणि शेवटी लाल होते. पण ती मोठी होऊन घराच्या छपरावर जाते. कृष्णकमळही फार पसरते. या दोघी जमिनीतच बऱ्या. टोपलीसाठी लहान मुळांच्या, लवकर फुलणाऱ्या वेली घ्याव्यात. आमच्या ९ टोपल्यांत अशी वाटणी आहे : गोकर्ण ४, गणेशवेल ३, कारले १ आणि चिनी गुलाब १.

गोकर्ण : फूल निळे किंवा पांढरे. गाईच्या कानासारखे दिसते म्हणून गोकर्ण. ही तूर-वाटाण्याच्या कुळातली वेल आहे, म्हणून तिला चपट्या शेंगा येतात. तिच्या मुळांवर लहान गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्रवायू वेलीला खत म्हणून देतात. म्हणून तिला खत कमी लागते. निळी फुले गरम पाण्यात टाकली की पाणी निळे होते. त्यात लिंबू पिळले की जांभळे-गुलाबी होते. हा प्रयोग आम्ही विज्ञानाच्या कोपऱ्यात मांडला आहे.

गणेशवेल : पाने पिसासारखी बारीक. फूल लालभडक, पाच टोकांच्या ताऱ्यासारखे. गणपतीच्या सुमाराला फुलते. ही वेल मूळची अमेरिका खंडातल्या गरम प्रदेशातली आहे, पण आता आपल्याकडे कुंपणावर कोठेही दिसते. तिच्या फुलातला मध प्यायला शिंजीर पक्षी येतो. तिच्या बिया खाऊ नयेत.

कारले : फूल पिवळे. हे आईच्या आग्रहावरून लावले. फूलपण मिळते आणि भाजीपण. ज्या फुलाच्या मागे लहानसे कारले असते ते मादी फूल, ज्याच्या मागे नसते ते नर फूल.

चिनी गुलाब : ही चढणारी वेल नाही, लोंबणारी आहे. सकाळी ऊन आल्यावर फुलते म्हणून काही जण तिला ऑफिस टाइम म्हणतात. तिची पाने जाड असतात आणि त्यांत पाणी साठते. म्हणून उन्हाळ्यात तीच टिकते. बी नको, फांदीचा तुकडा खोचला तरी लागते.

टोपली कशी करावी?

आमच्या टोपल्या बांबूच्या आहेत. गोंदिया जिल्ह्याच्या जंगलात बांबू भरपूर आहे. गावात बुरडी काम करणारे एक आजोबा आहेत. त्यांच्याकडून गुरुजींनी त्या विकत घेतल्या. आजोबा म्हणाले, "आता लोकं प्लॅस्टिकचे टप घेतेत, टोपल्या कोन घेते?" पूर्वी ते धानासाठी मोठमोठे ढोले विणत. फुलासाठी टोपली त्यांनी पहिल्यांदाच विणली, आणि काठाला दोरीसाठी तीन कान स्वतःच्या मनाने ठेवले. ते कान फार उपयोगाचे झाले. बांबूला कीड लागते, कारण त्यात पिठासारखा अंश असतो. म्हणून आजोबा बांबू आधी काही आठवडे बोडीच्या पाण्यात भिजत ठेवतात. तो अंश निघून गेला की कीड कमी लागते.

टोपली नसेल तर फुटक्या काठाचे मडके, तेलाचा डबा किंवा जुनी बादलीही चालते. डबा असला तर तळाला खिळ्याने ५-६ भोके पाडावी. पाणी साचले की मुळे सडतात. मोठ्या माणसाला सोबत घेऊन भोके पाडावी.

साहित्य : टोपली (एक वीत खोल), जुन्या बारदानाचा तुकडा, तणस, माती, शेणखत, धानाचा कोंडा, तार किंवा नायलॉनची दोरी, बिया.

कृती :

१) टोपलीत आधी बारदान अंथरावे. नाही तर पहिल्याच पाण्यात माती खाली येते. त्यावर थोडे तणस ठेवावे.

२) माती तयार करावी. शेतातली काळी चिकट माती एकटी घेऊ नये. ती ओली झाली की जड होते आणि वाळली की दगड होते. दोन वाटे बांधीतली हलकी माती, एक वाटा जुने कुजलेले शेणखत आणि एक वाटा धानाचा कोंडा असे मिसळावे. गोंदियाच्या भागात राइस मिल पुष्कळ आहेत, म्हणून कोंड्याची कमी नाही. कोंड्याने माती हलकी आणि भुसभुशीत होते. ताजे शेण घालू नये, त्याच्या उष्णतेने मुळे जळतात.

३) टोपली काठोकाठ भरू नये. वर दोन बोटे जागा ठेवावी, म्हणजे पाणी ओसंडत नाही.

४) गोकर्णाचे बी कठीण असते. ते रात्रभर पाण्यात भिजवावे. सकाळी जे फुगले नाही ते खरखरीत दगडावर हलकेच घासून पुन्हा भिजवावे. गणेशवेलीचे बीही भिजवावे.

५) एका टोपलीत ४-५ बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल टाकाव्या. रोपे आली की चांगली ३ ठेवून बाकीची दुसऱ्याला द्यावी. कारल्याचे एकच रोप ठेवावे.

६) तीन दोऱ्या सारख्या लांबीच्या बांधाव्या. एक आखूड झाली की टोपली तिरपी होते. अंबाडीची दोरी छान दिसते, पण रोजच्या पाण्याने कुजते. म्हणून तार किंवा नायलॉन बरे.

वजनाचा हिशेब करा

हे फार महत्त्वाचे आहे. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. कोरडी टोपली उचलून हलकी वाटते. पण तिने २ लिटर पाणी पिले की ती २ किलो जड होते. वरून वेलीचे वजन आणि वाऱ्याचा झोका. म्हणून टोपली कौलाच्या पट्टीला किंवा जुन्या खिळ्याला टांगू नये. मजबूत लाकडी वाशाला किंवा लोखंडी पाइपला मोठ्या माणसाकडून टांगून घ्यावी. ज्या जागेवर मुले बसतात किंवा धावतात तिच्या नेमके वर टांगू नये. आमच्या टोपल्या व्हरांड्याच्या बाहेरच्या कडेला आहेत. दर सोमवारी आम्ही दोऱ्या तपासतो.

पाणी कोणते आणि किती?

जमिनीतल्या झाडाला फक्त वरून वारा लागतो. टोपलीला वरून, खालून आणि चारही बाजूंनी लागतो. म्हणून तिची माती लवकर वाळते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा हातपंपाचे पाणी खोल जाते. प्यायचे पाणी फुलांना घालणे बरोबर नाही. गुरुजींनी वर्गाला विचारले, "मग पाणी आणायचे कोठून?" आम्ही विचार केला. आपल्या शाळेत रोज खिचडी होते. तांदूळ धुतलेले पाणी फेकून देतात. तेच पाणी आम्ही बादलीत धरतो आणि त्याच दिवशी घालतो. शिळे ठेवले की वास येतो. एका टोपलीला एक तांब्या, म्हणजे अंदाजे १ लिटर. ९ टोपल्यांना ९ लिटर, एक बादलीसुद्धा पुरी लागत नाही.

पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून पाहावे. बोटाला ओल लागली तर घालू नये. पावसाळ्यात पुष्कळ दिवस पाणी घालावे लागत नाही. टोपलीखाली ताटली ठेवू नये. ताटलीत पाणी साचते आणि आठवड्याभरात त्यात डास तयार होतात. आपल्या जिल्ह्यात मलेरिया होतो हे सर्वांना माहीत आहे. फुलांसाठी डास पाळू नयेत.

शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे दिसले तर तो मावा. तो पाण्याच्या धारेने धुऊन काढावा किंवा लिंबोळ्या ठेचून रात्रभर भिजवलेले पाणी गाळून शिंपडावे.

सुट्टीत काय करायचे?

आता सर्वांत अवघड प्रश्न. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. टोपल्या सांभाळणारा वर्ग दरवर्षी दुसऱ्या गावच्या शाळेत पाचवीला जातो. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप असते, खिचडी नसते, म्हणजे तांदळाचे पाणीही नसते. टोपली तर एक-दोन दिवसांतच वाळते. मग बाग वाचायची कशी?

याचे उत्तर वेलीकडेच आहे. गणेशवेल एका वर्षाची असते. हिवाळ्यात ती आपोआप वाळते, पण त्याआधी बी करून ठेवते. म्हणून वेल जगवायची नाही, बी जगवायचे. डिसेंबर-जानेवारीत शेंगा तपकिरी झाल्या की फुटण्याआधी तोडाव्या. सावलीत वाळवाव्या. कागदाच्या पुडीत बी बांधून पुडीवर नाव आणि वर्ष लिहावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर बी ठेवले की बुरशी येते. पुडी डब्यात ठेवून त्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकावा.

गोकर्ण पुष्कळ वर्षे जगते. तिला मार्चमध्ये वीतभर ठेवून छाटावे. पाने कमी झाली की पाणी कमी लागते. त्या ४ टोपल्या आणि चिनी गुलाबाची १ अशा ५ टोपल्या सुट्टीत ५ घरी जातील. परसात माठाखाली जागा असते. माठातून पाझरणाऱ्या पाण्यावर एक टोपली सहज जगते. बाकीच्या ४ टोपल्यांतली माती काढून कोरड्या जागी ठेवायची आणि टोपल्या पालथ्या ठेवायच्या.

बियांच्या पुड्या आम्ही तिसरीच्या वर्गाला देणार आहोत. जूनच्या शेवटी शाळा उघडेल तेव्हा तिसरीची मुले चौथीत असतील. पहिला चांगला पाऊस झाला की त्यांनी पेरायचे. गणपतीपर्यंत फुले दिसतील. तेव्हा आम्ही पाचवीच्या शाळेत असू, पण सायकलने जाताना रस्त्यावरून व्हरांडा दिसतो. लाल तारे दिसले की आम्हाला समजेल.

पालकांना विनंती आहे की ज्यांच्या परसात माठाखाली जागा असेल त्यांनी एक टोपली सुट्टीपुरती न्यावी. दोन घरे मिळाली आहेत, तीन अजून पाहिजेत. नाव गुरुजींकडे सांगावे. ज्यांच्या घरी बकरी आहे त्यांनीही न्यावी, फक्त उंच टांगावी.

इयत्ता चौथी